तिसरा वास

भागरताबाईला कुणी विचारलं, "नानकटाई झाली हे तुमाले कळते कसं?" तर ती विचारणाऱ्याकडे न बघता सांगायची, "तीन वास येतेत. पयला साखरेचा, दुसरा तुपाचा. तिसरा आला का काढाची." तिसरा वास कशाचा, हे मात्र ती सांगत नसे. फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "तो कायचाच नसते. तो झाल्याचा असते."

मी तेव्हा सानगडीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस यायचे. उरलेले पाच दिवस गाव मलाच डॉक्टर म्हणायचं आणि मीही ते फारसं नाकारत नसे. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून राईस मिल होती, आणि मिलच्या आवाराच्या टोकाला, अगदी रस्त्याच्या कडेला, भागरताबाईची एक खोली आणि पुढे पडवी. त्या पडवीत तिची भट्टी होती. पाच वर्षं मी त्या भट्टीचा शेजारी होतो, आणि शेजाऱ्याला जे दिसतं तेवढंच मला सांगता येईल. तिचा जन्म कुठला, वय किती, हे मला माहीत नाही. दवाखान्याच्या कागदावर मी दर वर्षी तिचं वय पन्नास लिहीत असे आणि तिचीही काही तक्रार नसे.

उंच, हाडकुळी बाई. गावभर जिच्या नाकाची ख्याती, तिचं नाक बघायला जावं तर चपटं, बोटभर. नवरा कामठीला एका पावाच्या बेकरीत भट्टीवर होता. तो गेल्यावर सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही. मिलचा मुनीम लांबच्या नात्यातला, त्याने ही खोली दिली. वर्षभर ती मिलचं आवार झाडायची, तांदळातली कणी पाखडायची. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. लग्नाकार्यात बोलावलं तर मागच्या दाराने, भांडी घासायला. साडेअकरा महिने या गावाला भागरताबाई नावाची बाई आहे की नाही, याने काही फरक पडत नव्हता.

मग दिवाळी यायची, आणि दिवाळीच्या मागून मंडई.

मी नागपूरचा. आधी मला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटला होता. इकडे मंडई म्हणजे भाऊबीजेनंतरची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, आणि त्या दिवशी त्या गावात ज्याचे कुणी नातेवाईक असतील ते सगळे येऊन धडकणार. धान कापायला आलेलं असतं, हातात थोडी उसंत असते. रात्री दंडारीचा नाच, नाटक. दिवसा घरोघर पाहुणे, आणि पाहुण्यापुढे बशी. त्या बशीत काय ठेवलं यावर त्या घराची वर्षभर चर्चा. त्या वर्षांत सानगडीत बशीत नानकटाई असणं मोठं मानाचं झालं होतं. मैदा दुकानात मिळे, पण साखर कंट्रोलच्या दुकानातून, माणशी मोजून. बाया श्रावणापासून चहा गुळाचा करायच्या आणि साखर डब्यात साठवायच्या. वनस्पती तुपासाठी तर साकोलीला खेटे घालावे लागत. हे सगळं जमवून, मळून, वर चारोळीचा दाणा दाबून त्या परात घेऊन यायच्या भागरताबाईच्या पडवीत. मंडईच्या आधीचे पंधरा दिवस तिच्या दारात रांग असायची. सरपंचाची बायकोही त्या रांगेत उभी राहायची. त्या पंधरा दिवसांवर भागरताबाई उरलेलं वर्ष काढायची. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, तिच्याच तोंडून ऐकलं आहे. "डाक्टर, दुकानदाराची दिवाळी असते ना, तशी ही माही हजेरी. या पंधरा दिसांत मी हजर असतो. बाकी मी कुठी आहो?"

स्वतःबद्दल बोलताना ती असंच कधी बाईसारखं तर कधी बुवासारखं बोलायची.

भट्टी तिने स्वतः बांधलेली. रस्त्याच्या कामावरचा डांबराचं रिकामं पिंप आडवं बसवून त्यावर वीतभर माती लिंपलेली. आग धानाच्या तुसाची, खालीही आणि पाठीवरही. मिलमध्ये तुसाचे डोंगर पडलेले, त्यामुळे जळणाची ददात नव्हती. पण तुसाची आग लहरी. धुमसते, मध्येच बसते, मध्येच उसळते. म्हणून घड्याळाचा उपयोग नाही. आणि दाराचा पत्रा एकदा लावला की उघडून बघायची सोय नाही, कारण गार वारा आत गेला की नानकटाई बसलीच. म्हणजे आत काय चाललं आहे हे कळायला एकच वाट, पत्र्याच्या फटीतून येणारा वास.

म्हणून तिचा कायदा होता. भट्टी लागली की पडवीत कुणी थांबायचं नाही. "भट्टीपुढं जीभ नाई पायजे, नाक पायजे," असं म्हणून ती सगळ्यांना रस्त्यावर काढायची. एका वर्षी गोदाबाई पाटलीण केसांत मोगऱ्याचं तेल घालून आल्या आणि आपली परात आत आहे म्हणून पडवीत बसून राहिल्या. भागरताबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "पाटलीनबाई, तुमच्या डोक्याचा वास तुमच्या नानकटाईले लपवून राहिला. बाहेर व्हा." पाटलीणबाईंना बाहेर व्हा म्हणणारी गावात दुसरी बाई नव्हती. त्या उठल्या, परात न घेताच घरी गेल्या, आणि पुढे वर्षभर भागरताबाईचं नाव 'ती मिलवाली' असं घेत राहिल्या. पुढच्या दिवाळीला मात्र परात घेऊन आल्या, त्याही केस धुऊन.

मजुरी ती घेत नसे. प्रत्येक परातीतली एक नानकटाई काढून ठेवायची, बस. ती पत्र्याच्या डब्यात. रोज सकाळी काळ्या चहात एक बुडवून खायची आणि तो डबा होळीपर्यंत पुरवायची.

तिच्या नाकाच्या गोष्टी गावात पुष्कळ सांगत. मी डोळ्यांनी पाहिलेली एकच सांगतो. एकदा भर दुपारी ती दवाखान्यात आली आणि मला म्हणाली, "डाक्टर, मिलात बारदाना जळून राहिला." मी बाहेर जाऊन पाहिलं. धूर नाही, काही नाही. मुनीम हसला. ती त्याच्या हाताला धरून त्याला गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेली आणि पोत्यांच्या थप्पीवर बोट ठेवलं. वरची चार पोती काढल्यावर पाचवं आतून धुमसत होतं. मुनिमाचं हसू गेलं. भागरताबाई मात्र त्याच्यावर उखडली. "चार पोते कायले काढले? अगुदर पानी आनाचं न!"

ज्या वर्षाची गोष्ट मला सांगायची आहे त्या वर्षी श्रावणात ती तापाने पडली. ताप साधा नव्हता. बारा-तेरा दिवस उतरला नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मी दोन वेळा नेऊन द्यायचो. ती वाचेल असं मला वाटत नव्हतं, पण वाचली. पोळ्याला काठी टेकत दवाखान्यात आली तेव्हा नेमकी माझ्या हातून फिनेलची बाटली फुटली होती. दवाखान्यात बसलेल्या बायांनी पदर नाकाला लावला, पोरं खोकायला लागली, मी स्वतः खिडकीतून डोकं बाहेर काढलं. भागरताबाई त्या पांढऱ्या थारोळ्यात उभी राहून शांतपणे मला विचारत होती, "गोळ्या आजपासून एकच घेऊ का दोन?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिला कळलं की मला कळलं. सगळे गेल्यावर ती परत आली, स्पिरिटची बाटली उचलून नाकाशी धरली आणि खोल श्वास घेतला. बाटली खाली ठेवली.

"पानी," ती म्हणाली. "पान्यासारखं."

मी सांगितलं की तापानंतर असं कधी कधी होतं, महिन्याभरात येईल परत. हे मी अशा आवाजात सांगितलं की माझं मलाच खरं वाटलं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "कोनाले सांगू नोका. दिवाळीले दोन महिने हाय." आणि पदराने कपाळ पुसून गेली. त्यानंतर दर आठ दिवसांनी ती यायची, स्पिरिटची बाटली हुंगायची, खाली ठेवायची. कोजागिरी झाली तरी पाणी ते पाणीच.

मला वाटलं, यंदा ती काहीतरी निमित्त काढून भट्टी लावणार नाही. अंगात ताकद नाही म्हणाली असती तर सगळ्यांनी मानलं असतं. पण धनत्रयोदशीच्या आधीच तिने भट्टी नव्याने लिंपली. पहिल्या दिवशी मी पडवीच्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिलो. परात आत गेली, पत्रा लागला. बाया सवयीने उठून रस्त्याकडे निघाल्या. तेव्हा भागरताबाई म्हणाली, "बसा वं. कायले उनात उभ्या राह्यता?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. जिने पाटलिणीला हाकललं ती आज बसा म्हणते!

"बसा म्हनतो ना. पन बोलाचं नाई. अन तोंड भट्टीकडं करून बसाचं."

त्या ओळीने बसल्या. भागरताबाई भट्टीकडे पाठ करून त्यांच्या समोर बसली. मी बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग एका बाईच्या मांडीवरचं पोर चुळबुळायचं थांबलं. थोड्या वेळाने एकीच्या गळ्याची घाटी हलली, दुसरीचे खांदे नकळत सैल झाले. भागरताबाई ताडकन उठली, पत्रा ओढला आणि परात बाहेर घेतली. नानकटाई अशी की वर बारीक तडे, खाली फिकट बदामी, एकही करपलेली नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई तोंडं वाचत होती. वास बायांच्या नाकात जात होता, त्यांना स्वतःला त्याचं काही समजत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यांना समजत होतं. आणि चेहरा काय म्हणतो ते एकटी ही वाचत होती. मला एवढा आनंद झाला की मी गोळ्यांच्या पुड्या बांधायला घेतल्या त्यात दोनदा चुकलो.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "बाई, कमाल केली तुम्ही."

ती हसली नाही. "चोरी करून राहिली डाक्टर. लोकायच्या नाकाची चोरी. पकडली गेली का संपली." मग म्हणाली, "दर परातीले जीव टांगनीले लागते. पयले नोहता लागत."

दहा-बारा दिवस हे असं चाललं. एकाही परातीला काही झालं नाही. पण ती उतरत गेली. डोळे खोल गेले. एकेका परातीमागे तिच्या कपाळावर घाम येई आणि तो भट्टीचा नसे.

आणि मंडईला तीन दिवस उरले असताना गावात सर्दी आली.

दर वर्षीच थंडी पडायला लागली की येते. त्या वर्षी आली ती घर न सोडता आली. दवाखान्यात लाल औषधाची मोठी बरणी दोन दिवसांत तळाला गेली. सकाळपासून नुसतं सूं सूं आणि फटफट शिंका. मी बाटल्या भरत होतो आणि प्रत्येक बाटलीसरशी मला घाम फुटत होता. कारण माझ्यापुढे नाक पुसत उभ्या असलेल्या याच बाया दुपारी भट्टीपुढे बसणार होत्या.

मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी तिने मिलच्या हमालाला पाठवून मला बोलावून घेतलं. पडवीत नऊ परातींची रांग, आठ-नऊ बाया, सगळ्यांचे डोळे पाणावलेले, नाकं लाल. गोदाबाई पाटलीणही पदर नाकाला लावून बसलेल्या. पहिली परात सुभद्राची होती. सुभद्रा हमालाची बायको, गरीब. तिच्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच मंडईला येणार होती. दोन महिन्यांची कंट्रोलची साखर त्या परातीत होती. हे ती येईल त्याला सांगत होती.

"डाक्टर, तुमाले सर्दी हाय का?" भागरताबाईने विचारलं.

"नाही." कंपाउंडरला सर्दी होत नसते, तो ती इतरांना वाटतो. हे मी तेव्हा म्हटलं नाही.

"मंग अठी बसा. माह्यापुढं. तोंड इकडं."

बायांना नवल वाटलं, पण डॉक्टर नाडी बघायला बसला असेल असं समजून त्या गप्प राहिल्या. सुभद्राची परात आत गेली. पत्रा लागला.

आयुष्यात मला इतकं अवघड काम कुणी सांगितलं नाही. चेहऱ्याने जे आपोआप करायचं ते करायला बसल्यावर चेहरा लाकूड होतो. भागरताबाईचे डोळे माझ्यावर रोखलेले. मला साखरेचा वास आला असं वाटलं. मग वाटलं, आला नसेलच, मीच मनाने आणला असेल. तूप आलं. ते नक्की आलं. आता तिसरा. तिसरा कसा असतो हे मला कुणी सांगितलं होतं? मी श्वास जोराने घेतला, तिने मान थोडी पुढे केली. मी घाबरून श्वास रोखला, ती मागे झाली. माझी घाटी हलली असेल तर ती भीतीने हलली. तिला ते दिसलं असावं आणि तिने ते बरोबर ओळखलं असावं, भीती म्हणून. म्हणून ती थांबली. आणि खरा वास त्या भीतीच्या मागून येऊन निघून गेला.

पत्र्याच्या फटीतून निळा धूर आला तेव्हा सगळ्यांना एकदमच दिसला.

भागरताबाईने परात ओढली. खालून काळी, कडेने काळी. मधल्या आठ-दहा तेवढ्या तपकिरी. सुभद्रा उठली, परातीपाशी आली आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. ती रडली नाही, ओरडली नाही. गरीब माणसाला दुसऱ्याचं मन राखायची सवय असते. थोड्या वेळाने तिनेच म्हटलं, "मावशी, तूस ओलं असंन. परवा पानी शिंतडलं होतं ना."

मी मनात म्हटलं, हो म्हण, भागरताबाई, हो म्हण. सगळ्या बाया तेच म्हणायला लागल्या. हाव वं, तूस ओलंच असंन, मिलवालेच तसे, झाकून ठेवत नाईत. चालून आलेलं निमित्त होतं. नुसती मान हलवायची होती. भट्टी राहिली असती, रांग राहिली असती, पंधरा दिवस राहिले असते.

ती परातीकडे बघत होती.

"तूस कोरडं हाय," ती म्हणाली. "मले वास येत नाई."

कुणाला समजलं नाही. सर्दी झाली असंन, असं कुणी तरी म्हटलं.

"सर्दी नाई. तापानं गेला. सरावनापासून नाई. इतले दिवस तुमचे तोंडं पाहून काढल्या मी परातन् परात. आज तोंडंबी बंद हाय तुमचे." ती सुभद्राकडे वळली. "सुभद्रा, तुही साखर मी जाळली. तुसानं नाई."

मग ती खोलीत गेली, तिचा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि सुभद्राच्या परातीशेजारी ठेवला. दर परातीमागे काढलेल्या, पन्नास-साठ नानकटाया. होळीपर्यंतचा तिचा ऐवज. "याच्यात सगळ्या गावाच्या हायत. तुया पाहुन्याले पुरतीन."

आठ कच्च्या पराती रांगेत तशाच. दुसऱ्या दिवशी मंडई. एकीने हळूच आपली परात उचलली आणि पदराखाली घेतली. दुसरीही उठली. भागरताबाई खाली बसली, हात मांडीवर ठेवले. ती कुणाला अडवणार नव्हती. मला तिच्याकडे बघवेना. त्या वेळी मला माझ्या थोबाडाचा जेवढा राग आला तेवढा पुन्हा कधी आला नाही.

तेवढ्यात गोदाबाई पाटलीण उठल्या. काही न बोलता चपला घालून रस्त्याला लागल्या. आपली परातही त्यांनी उचलली नाही. मला वाटलं, गड्याला पाठवून नेतील, आणि वर्षभर गावाला पुरेल एवढं बोलतील. उठलेल्या दोघी-तिघी त्यांच्या मागे जावं की थांबावं या विचारात दारातच घुटमळल्या.

साकोलीची बस येऊन गेल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी पाटलीणबाई परत आल्या. बरोबर त्यांची नणंद, पवनीची, मंडईला आलेली. तिच्या हातात पिशवी तशीच, अंगावर बसची धूळ, आणि तोंडावर आपल्याला कुठे नेतायत याचा पत्ता नसल्याचा भाव.

"हे घे," पाटलीणबाई भागरताबाईला म्हणाल्या. नाक चोंदलेलं, त्यामुळे रागावल्यासारखा आवाज. "हिले सर्दी नाई. बसव."

भागरताबाई वर बघत राहिली. "पाटलीनबाई, आता तं सगळ्याईले मालूम झालं. पवनीवाल्या बाईच सांगतीन ना, झाली का नाई. माह्यं काय काम?"

"तिले काय कळते? तिनं जलमात भट्टी पाह्यली नाई." पाटलीणबाई खाली बसल्या. "तिच्याजवळ नाक हाय. तुह्याजवळ अक्कल हाय. लाव परात. माहीच लाव पयली."

मी पाटलीणबाईंबद्दल पुष्कळ वाईटसाईट बोललो आहे, याच गावात आणि इतर गावांत. त्या दुपारी मी ते सगळं मनातल्या मनात परत घेतलं.

नणंदबाईंना भट्टीसमोर बसवलं. "मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काई नोका करू," भागरताबाई म्हणाली. "लहानपनची याद करत बसा. बोलू नोका."

परात आत गेली. आता चोरी नव्हती. उठलेल्या बाया दारात तशाच उभ्या. सुभद्रा डबा पोटाशी धरून भिंतीला टेकलेली. पवनीच्या बाई आधी अवघडून बसल्या, मग प्रवासाने थकलेल्या असाव्यात, जरा सैलावल्या, नजर कुठेतरी भट्टीच्या पलीकडे गेली. भागरताबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसून त्यांच्याकडे बघत होती. इतक्या जवळून एका बाईने दुसरीकडे बघितलेलं मी कधी पाहिलं नाही. बराच वेळ गेला. मला तर वाटलं, धूर आता येतोच.

पवनीच्या बाईंनी काहीच केलं नाही. निदान मला काही दिसलं नाही. पण भागरताबाई उठली होती, पत्रा तिच्या हातात होता.

पाटलीणबाईंनी परातीतली एक उचलली, गरमच मोडली, खालून बघितली, वरून बघितली. मग दारात उभ्या असलेल्यांना म्हणाल्या, "अठी काय तमाशा हाय? पराती ठेवा नं खाली." त्या दिवशी आठही पराती निघाल्या. पवनीच्या बाई संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत, आणि पाटलांच्या घरी पाहुणचार सुरू व्हायला दिवेलागण झाली.

निघताना मी भागरताबाईची माफी मागितली. ती हात धूत होती. "तुमचं तोंड भट्टीच्या कामाचं नाई, डाक्टर," ती म्हणाली. "भलतंच बोलते ते." पहिल्यांदाच त्या दोन-तीन महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी लाखांदूरला बदली झाली. त्यानंतर तिची खबर मिळायची ती उडत उडत. कुणी म्हणे आता घरोघर ओव्हनचे डबे आलेत, कुणी म्हणे साकोलीला बेकरी निघाली, आता कोण जातंय पिंपाच्या भट्टीवर. मला ते ऐकून वाईट वाटायचं आणि मी विषय बदलायचो.

दोन वर्षांनी दिवाळीनंतर साकोलीहून लाखांदूरला परत चाललो होतो. भर दुपार होती. सानगडीला बस थांबली, मंडईची माणसं उतरायला लागली, गाठोडी, पोरं, ऊस. मी खिडकीशी होतो. मिलच्या टोकाची पडवी समोरच. रांग होती. बारा-पंधरा बाया ओळीने भट्टीकडे तोंड करून बसलेल्या, पाटलीणबाई मधोमध, आणि त्यांच्यासमोर भट्टीकडे पाठ करून भागरताबाई. पांढरी झाली होती. ती रस्त्याकडे बघत नव्हती, बसकडे बघत नव्हती. एकामागून एक त्या तोंडांवरून तिची नजर फिरत होती, आणि सगळ्याजणी, आपल्याला आता बघितलं जाणार हे ठाऊक असूनही, किती निर्धास्त बसल्या होत्या.

कंडक्टरने घंटी दिली. बस हलली तसा वारा आत आला आणि त्याबरोबर तो वास आला. साखरेचा नव्हे, तुपाचा नव्हे. मला एकदम समजलं की हाच. मी खिडकीतून अर्धा बाहेर झालो, ओरडून सांगणार होतो, काढा, बाई, झाली. तेवढ्यात पडवीत भागरताबाईचा हात पत्र्याकडे गेला.